न धुतलेली पिशवी

तो माझ्या केसांत उतरला तेव्हा मी एका काकूंना सुरमईचे तुकडे करून देत होते. सकाळचे साडेसात, लालबागचा बाजार, आमच्या ओट्यापुढे गर्दी. वरच्या ताडपत्रीवर टप्प असा आवाज झाला, काहीतरी घसरलं आणि थेट माझ्या अंबाड्यावर येऊन बसलं. मला वाटलं कावळा. आमच्या बाजारात कावळे येतातच. पण कावळ्याला चार पाय नसतात. याला होते, आणि चारही पायांनी त्याने माझी अबोलीची वेणी घट्ट धरली होती.

"हलू नका!" समोरून कोणीतरी ओरडलं.

रांगेत एक उंच, चष्मेवाला मुलगा उभा होता. हातात स्टीलचा डबा, तोंडावर भलतीच काळजी.

"काय आहे डोक्यावर?" मी विचारलं.

"शुगर ग्लायडर."

"मराठीत सांगा की!"

"म्हणजे... खारीसारखा असतो, पण खार नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा."

"आणि ऑस्ट्रेलिया सोडून माझ्या डोक्यावर?"

त्याने मान वर केली. बाजाराच्या मागे, जिथे पूर्वी गिरणी होती, तिथे आता चाळीस मजली टॉवर आहे. "तिथून आला असावा. लोक पाळतात हल्ली," तो म्हणाला, आणि मग एकदम गप्प झाला. मी त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. आमच्या बाजारातली भुरी मांजर बर्फाच्या पेटीवर चढून बसली होती आणि माझ्या अंबाड्याकडे टक लावून बघत होती. तिच्यामागे आणखी दोघी.

तो मुलगा दोन उड्यांत ओट्याच्या आत आला, डबा खाली ठेवला आणि त्याने सरळ माझ्या केसांना हात घातला. त्याच क्षणी आय कोळंबीची पाटी घेऊन आली. आय म्हणजे माझी आई, काशीबाई. तिच्या आवाजाने बाजारातला बर्फही हलतो.

"ए! माजे पोरीचे डोक्यान हात कशाला घालतंस रं?"

"मावशी, मी... दवाखान्यात... जनावरांच्या..."

"माजी पोरगी जनावर हाय?"

बिचारा घामाघूम झाला. पण हात काही काढला नाही त्याने. त्या प्राण्याची नखं वेणीच्या दोऱ्यात अडकली होती, ओढलं असतं तर मोडली असती. म्हणून त्याने एकेक फूल काढलं, एकेक वेढा सोडवला. दहा मिनिटं तरी लागली. मी मान खाली घालून उभी. कानाजवळ त्याचा श्वास, मानेवर थंड बोटं, समोर काकू आपली सुरमई विसरून फुकटचा खेळ बघतायत. वेणी सुटली तसा तो प्राणी तुरुतुरु खाली उतरला, माझ्या ओढणीच्या घडीत शिरला आणि गळ्याशी मुटकुळं करून झोपला.

"झोपला," मुलगा कुजबुजला. "दिवसा झोपतात ते. अंधार आणि ऊब मिळाली की झालं."

"नाव काय?"

"याचं? ते कसं सांगणार..."

"तुमचं विचारतेय मी."

"हेरंब," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. कान लाल होणारा पुरुष आमच्या बाजारात औषधालाही सापडत नाही. मी तिथेच थोडीशी घसरले होते, हे आता कबूल करते.

हेरंब परळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात पक्ष्यांच्या विभागात काम करायचा. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते, मांज्याने कापलेले बगळे तिथे भरती होते आणि त्यांच्यासाठी तो मांदेली न्यायला आला होता. त्याने टॉवरच्या वॉचमनकडे चौकशी केली. भाडेकरू दुबईला गेले होते, पिंजऱ्याचं दार उघडं टाकून. फोन केला तर म्हणाले, ज्याला हवा त्याने ठेवून घ्यावा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या ओढणीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "नर आहे. जरा वाळलाय, पण ठणठणीत आहे. तुझ्यापाशी शांत झोपतोय, तूच सांभाळ." काय खायला द्यायचं, काय नाही, सगळं त्यांनी लिहून दिलं. फळं, उकडलेलं अंडं, किडे, कॅल्शियमची पावडर. कांदा-लसूण नाही, चॉकलेट तर मुळीच नाही.

असा तो वरळीच्या कोळीवाड्यात आमच्या घरी आला.

दुसऱ्या दिवशी हेरंब मांदेली घ्यायला आला तेव्हा मी ओढणी बाजूला करून दाखवलं. त्याने चष्मा वर केला. "डोकं का चमकतंय याचं?"

"खोबरेल आहे. टक्कल पडलंय ना त्याला मधोमध! आय म्हणते नायटा असणार. आठ दिवसांत केस उगवतात की नाही बघा."

हेरंब इतका हसला, इतका हसला, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, नराला असतंच ते टक्कल! तिथून वास सुटतो. तो वास तो आपल्या माणसांना लावतो आणि त्यावरून ओळखतो, की हे आपले. नाक हेच यांचं ओळखपत्र."

आयने खोबरेलाची बाटली पदराआड केली. नाव मात्र तिनेच ठेवलं, टकल्या.

आता खरी गोष्ट. हेरंबच्या घरीही एक होती. मादी. तिचा जोडीदार गेल्यावर तिच्या मालकांनी तिला दवाखान्याच्या दाराशी खोक्यात ठेवून दिलं होतं. त्यांनी तिचं नाव कोको ठेवलेलं, हेरंबच्या आजोबांनी बदलून शेवंती केलं. हे प्राणी कळपातले, एकटे राहूच शकत नाहीत. शेवंती खायची नाही, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून स्वतःच्या शेपटीचे केस उपटायची. निम्मी शेपटी उघडी पडली होती.

"तिला सोबत हवी," हेरंब म्हणाला. "पण एकदम समोरासमोर आणलं तर चावून जीव घेतात एकमेकांचा. आधी वासाची ओळख करून द्यावी लागते. ते ज्या पिशव्यांत झोपतात, त्या रोज बदलायच्या. त्याची तिला, तिची त्याला. दोन आठवडे. मग भेट."

"म्हणजे पत्रिका जुळवायची."

"तसंच काहीसं," तो हसला. "पिशवी दिवसभर आपण गळ्यात घालायची. जमेल?"

"मला जमेल. तुमचं काय ते बघा."

पिशव्या हेरंबच्या आजोबांनी शिवल्या. रमाकांत आजोबा गिरणीत कापड तपासायला होते. सव्वीस वर्षं वार वार कापड उजेडात धरून त्यातला सुटलेला धागा शोधणं हेच काम. मग संप झाला, गिरणी पुन्हा काही सुरू झाली नाही, आणि आजोबांनी करी रोडच्या चाळीत शिलाई मशीन घेतलं. हेरंबचे आईबाबा नोकरीसाठी नाशिकला, म्हणून घरात हे दोघेच. पिशवीत एकही सैल धागा असला तर नख अडकतं, पाय मोडतो. आजोबांनी शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या, खिडकीत धरून दोनदा तपासल्या. एक लाल, एक निळी.

मग रोज सकाळी आठ वाजता आमच्या ओट्यावर देवाणघेवाण सुरू झाली. मांदेली, आणि पिशवी. तो गळ्यातून काढून द्यायचा, मी गळ्यात घालायचे. त्याची पिशवी कोमट असायची. तिला शिलाई मशीनच्या तेलाचा वास यायचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा, आणि त्याखाली आणखी एक... तो कसला, ते मी शोधत राहायचे. टकल्या आत झोपायचा आणि मी उगीचच सारखी मान खाली घालायचे.

"काय ग, मान दुखते का?" आय विचारायची.

"हो. झोपेत अवघडली."

"रोज?"

"अहो-जाहो"चं "अरे-तुरे" कधी झालं कळलंच नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "गुणा, शेवंतीने आज पपई खाल्ली!" माझं नाव गुणवंती, आजीचं ठेवलेलं. त्याचं गुणा कोणी केलं? त्याने. बाराव्या दिवशी शेवंतीच्या शेपटीवर बारीक लव आली. आणि रविवारी भेट ठरली, त्याच्या घरी, करी रोडला.

रात्रभर मला झोप नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. सकाळी बाजार करून दुपारी मी दादरला एका ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात फोन घ्यायचे. आंघोळ करून, लिंबू चोळून, धुतलेले कपडे घालून जायचे. तरी मी खुर्चीत बसले की शेजारची मुलगी टेबलाखालून स्प्रेची बाटली काढायची. माझ्याकडे न बघता, फुस्स. रोज. मी कधी बोलले नाही. बाजारात चार माणसांना पुरून उरणारी मी, तिथे मुकी व्हायचे. आणि हेरंबचं घर शाकाहारी. बाजारात ठीक होतं, तिथे सगळ्यांनाच वास. पण त्याच्या घरात, त्याच्या आजोबांसमोर?

म्हणून रविवारी मी बाजाराला दांडी मारली. तीनदा लिंबू चोळलं, चंदनाचा साबण लावला, मावसभावाचं सेंट मारलं. आणि निळी पिशवी सुगंधी पावडरमध्ये खसखसून धुतली, इस्त्री केली. टकल्याला त्यात घातलं तर तो बाहेर यायला धडपडू लागला. मला वाटलं, नवरदेव घाबरलाय.

भेट न्हाणीघरात ठेवली होती, कारण ती जागा दोघांच्याही मालकीची नव्हती. हेरंबने हळूच लाल पिशवी उघडली. शेवंती बाहेर आली, दोन पावलं पुढे झाली, नाक हललं... आणि तिने अशी किंकाळी फोडली, की एवढ्याशा जिवात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. टकल्या उसळला. मी धरायला गेले तर माझ्याच बोटाला कडकडून चावला. माझा टकल्या, मला! शेवंती बादलीमागे गेली. हेरंबने तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या शेपटीतून रक्त येत होतं. तिने पुन्हा स्वतःलाच चावून घेतलं होतं.

हेरंबने निळी पिशवी नाकाशी नेली. "धुतलीस तू ही?"

मी चावलेलं बोट ओढणीत गुंडाळलं.

"कोणी सांगितलं होतं धुवायला? गुणा, दोन आठवड्यांची मेहनत एका बादलीत घालवलीस! तिच्यासाठी टकल्या आता कोण? परका! आणि त्याच्यासाठी तू..."

"मग काय करू?" माझा आवाज चढला. "तुझ्या घरी पहिल्यांदा येत होते मी! मासळीचा वास घेऊन येऊ? तुझ्या आजोबांनी नाकाला रुमाल लावलेला बघू?"

त्याने पिशवी खाली ठेवली. मला तर तिथून पळायचं होतं. बोटातून रक्त येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. दारात आजोबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बस इथे, पोरी," ते म्हणाले, आणि माझ्या बोटाला हळद लावायला लागले. पट्टी बांधता बांधता ते म्हणाले, "गिरणीतून आलो की माझ्या अंगाला सुताचा, तेलाचा वास यायचा. आमची ही दारातच ओरडायची, आधी आंघोळ, मग चहा. रोजचं भांडण. मग संप झाला. चार-सहा महिन्यांनी एकदा माझा सदरा वाळत घालताना तिने तो नाकाशी धरला आणि रडायला लागली. म्हणाली, काहीच वास येत नाही हो याला."

त्यांनी गाठ मारली आणि उरलेला धागा दाताने तोडला. "बाईंना फोन लाव, हेरंब. विचार, अजून वेळ आहे का."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर. तेवढ्या दिवसांत शेवंती पुन्हा खाऊ लागली नाही, तर मग हाती काही राहणार नाही. तिच्या गळ्यात कागदाची गोल कॉलर बांधली होती, शेपटी चावू नये म्हणून.

पुन्हा पहिल्यापासून पिशव्या सुरू केल्या. ओट्यावर आम्ही दोघंही कमी बोलत होतो. तो म्हणायचा, "नाही खाल्लं." मी मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी तो मांदेली घेऊन वळला, पुन्हा फिरला आणि म्हणाला, "मी ओरडायला नको होतं."

"मी धुवायला नको होती."

"ते मी नंतर सांगणार आहे," तो म्हणाला आणि निघून गेला. काय सांगणार होता? दिवसभर माझ्या डोक्यात तेच. ऑफिसात तीन माणसांना चुकीच्या गाडीची वेळ सांगितली. शेजारणीने स्प्रे काढला तो मला दिसलाच नाही.

पाचव्या दिवशी शेवंतीने पिशवीला नाक लावलं. सहाव्या दिवशी पपईची एक फोड.

रविवारी मी बाजार केला, नेहमीसारखा. पापलेटं साफ केली, बोंबील मोजून दिले. अकरा वाजता हात पाण्याने धुतले, नुसत्या पाण्याने. अंगावरचा एप्रन तसाच, डोक्यात अबोलीची वेणी, गळ्यात टकल्या. आयने माझ्याकडे पाहिलं.

"अशीच जातंस?"

"अशीच."

"मंग नीट चाल. मान वर कर."

करी रोडची ती चाळ, तीन जिने. गॅलरीत बायका तांदूळ निवडत होत्या. एकीने मान वळवली, दुसरीने भुवई. माझी पावलं जड झाली होती, खोटं कशाला सांगू? पण गळ्याशी टकल्या शांत झोपला होता. त्याला माझ्या वासाची काही तक्रार नव्हती.

न्हाणीघरात आम्ही दोघं दोन भिंतींना टेकून बसलो. हेरंबने शेवंतीची कॉलर काढली. तिने नाक वर केलं, माझ्याकडे आली, माझ्या एप्रनची कड हुंगली, मग मनगट. ती पिशवीच्या तोंडाशी थांबली... आणि आत शिरली. आतून किर्र् असा बारीक आवाज आला. हेरंबचा हात पुढे आला, थबकला. पिशवीत थोडी उलथापालथ झाली, एक शेपूट बाहेर आली, आत गेली. मग सगळं शांत. मी कड उचलून पाहिलं. टकल्याने आपलं टक्कल तिच्या गळ्याशी घासलं होतं आणि दोघं एकमेकांभोवती गुंडाळून झोपली होती.

मी रडले. हेरंबही रडला, पण तो म्हणतो की चष्मा डोळ्याला लागला.

मग तो माझ्याकडे बघत बसला. "तुझ्या गालावर खवला आहे."

"पुसते," मी हात उचलला.

"नको... राहू दे." त्याने बोटाच्या टोकाने तो खवला काढला, खिडकीच्या उजेडात धरला. कान पुन्हा लाल. "गुणा, ते नंतर सांगणार होतो ना... रोज तुझी पिशवी गळ्यात घालायचो मी. आजोबांनी दोनदा विचारलं, हेरंबा, बांगडे खायला लागलास की काय? त्या रविवारी पिशवीला पावडरचा वास आला ना, तेव्हा शेवंतीच्या आधी मीच घाबरलो. वाटलं, तू गेलीस. म्हणून ओरडलो. मला... तुझी सवय झालीये. म्हणजे सवय नाही. प्रेम. प्रेमच म्हणतात त्याला."

"एवढं बोलायला तीन आठवडे?"

"पत्रिका जुळायची होती."

"जुळली," मी म्हटलं. माझेही कान लाल झाले असणार, गरम तरी झाले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोडी आता वेगळी करायची नाही. मग ती चार दिवस कोळीवाड्यात आणि तीन दिवस करी रोडला राहू लागली, आणि पोहोचवायला, आणायला आम्ही दोघं. महिनाभर आयने हे पाहिलं. एका सकाळी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, गळ्यात सोनं घातलं, बाजार बहिणीवर सोपवला आणि मला म्हणाली, "चल. किती दिस जनावरांना फिरवशील?"

आजोबांनी तिला खुर्ची दिली. आय बसली, घर पाहिलं, देव्हारा पाहिला, शिलाई मशीन पाहिलं. मग सरळ म्हणाली, "आजोबा, मी आडून बोलत नाय. माजी पोरगी तुमचे घरान मासळी शिजवनार नाय, ते मी तिला सांगितलंय. पन ती बाजार सोडनार नाय. घरी येल तवा वास घेऊन येल. आज, उद्या, रोज. ते चालंल काय?"

हेरंब माझ्याकडे बघत होता. मी जमिनीकडे.

आजोबांनी हातातली शिवण खाली ठेवली. "काशीबाई, हेरंबच्या आईबाबांशी मी बोलतो, ते माझं ऐकतात," ते म्हणाले. "पण तुम्ही विचारलंत ते या घराचं आहे. या घरात संपापासून कोणी कामाचा वास घेऊन आलेलं नाही. तिला म्हणावं, लवकर ये."

आयने पदराचं टोक डोळ्यांना लावलं, मग आपल्या डोक्यातली अबोलीची वेणी काढून माझ्या केसांत माळली. वेणीला लागलेल्या आयच्या खोबरेलाचा वास आला, मागोमाग माझ्या गळ्यातल्या पिशवीत खुसफुस झाली आणि टकल्याने डोकं बाहेर काढलं. हेरंब घाईघाईने म्हणाला, "गुणा, हलू नकोस!"

या वेळीही मी हलले नाही.